देवगिरीच्या पहारेकऱ्याचे नाव काय होते?

चिकलठाण्यातल्या एखाद्या शाळेने स्नेहसंमेलनात देवगिरीचा दरबार उभा करायचे ठरवले, तर पहिली चार-पाच नावे कुणीही सांगेल. राजा रामदेवराय, त्याचा मुलगा शंकरदेव, श्रीकरणाधिप हेमाद्री पंडित, संतांपैकी नामदेव आणि ज्ञानदेव. अडचण सहाव्या मुलापाशी येते. दारात भाला घेऊन उभ्या असलेल्या पहारेकऱ्याचे नाव काय? राणीच्या मागे उभ्या असलेल्या दोन मुलींना काय म्हणायचे? बहुतेक वेळा पहारेकरी 'संताजी' होतो, मुली 'सखूबाई' आणि 'सगुणाबाई' होतात, आणि ढालीवर मागच्या दोन पायांवर उभा राहिलेला सिंह रंगवला जातो. प्रयोग छान होतो. पण ती नावे यादवांच्या नंतर तीन-साडेतीनशे वर्षांनी कागदोपत्री रुळलेली आणि तो सिंह युरोपातला.

चिकलठाण्याहून शहर ओलांडून पश्चिमेला निघाले की तासाभरात देवगिरीचा पायथा येतो. इतक्या जवळच्या इतिहासातल्या सामान्य माणसाचे नाव आपल्याला सुचू नये, ही मला मनापासून खटकणारी गोष्ट आहे. नाव शोधण्याचे साहित्य मात्र भरपूर आहे. कुठल्या काळाला कुठले नाव शोभते आणि कुणाच्या हाती कुठले चिन्ह असू शकते, हे ठरवण्याची शिस्तशीर पद्धतही आहे. तीच पद्धत या लेखात पाहू.

नावाला नोंदणी लागते तेव्हा

1966 च्या मे महिन्यात अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या बर्कली गावी काही हौशी मंडळींनी घराच्या परसात मध्ययुगीन पद्धतीची द्वंद्वे भरवली. त्यातून 'सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रॉनिझम' ही संस्था उभी राहिली. तिचे सभासद सतराव्या शतकापूर्वीचे कपडे शिवतात, स्वयंपाक करतात, शस्त्रे चालवतात. प्रत्येक जण त्या काळातला एक माणूस होतो आणि त्या माणसासाठी नाव आणि मानचिन्ह ठरवतो. मानचिन्ह म्हणजे ढालीवर किंवा झेंड्यावर काढायची, त्या माणसाची ओळख पटवणारी आकृती.

हे नाव संस्थेच्या दप्तरी नोंदवता येते, पण ते केवळ आवडले म्हणून चालत नाही. संस्थेतले हेरल्ड, म्हणजे नावे आणि मानचिन्हे यांचे जाणकार, ते तपासतात. नावाचा प्रत्येक भाग 1600 पूर्वीच्या खऱ्या कागदपत्रांत सापडतो का, किंवा त्या काळच्या घडणीत बसतो का, हे पाहिले जाते. 1600 ते 1650 या काळातल्या पुराव्याला सवलत आहे. निदान दोन भाग हवेत, स्वतःचे नाव आणि ओळखीची जोड. ते दोन भाग एकाच काळात आणि एकाच प्रदेशात शेजारी आले असते का, हेही बघतात. आधी नोंदवलेल्या नावाशी ते फार मिळतेजुळते नको. आणि न मिळालेला अधिकार त्यातून सांगितला जाऊ नये. प्रसिद्ध राजाचे नाव जसेच्या तसे घेता येत नाही, मुकुटासारखी काही चिन्हे तर ज्यांनी संस्थेत तो मान मिळवला आहे त्यांच्यासाठीच राखीव आहेत.

यात मला सगळ्यात मोलाची वाटते ती पुराव्याची अट. काळ, प्रदेश आणि माणसाचा दर्जा या तिन्ही गोष्टी जुळल्याशिवाय नाव खरे ठरत नाही. हीच अट घेऊन देवगिरीकडे वळू.

प्रत्ययात दडलेला काळ

बाराव्या-तेराव्या शतकातल्या मराठी मुलखातली पुरुषांची नावे वाचत गेले की काही शेवट पुन्हा पुन्हा भेटतात. त्यात 'देव' सर्वांत ठळक. राजघराण्यात रामचंद्रदेव, शंकरदेव, हरपाळदेव. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण इथे शके 1128 च्या सुमाराचा एक शिलालेख आहे. गणिती भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने तिथे मठ काढला, त्याची ही नोंद. नातवाचे नाव चांगदेव. त्याच्या मठाला दान देणारा निकुंभ घराण्यातला सामंत सोइदेव. महानुभाव परंपरेत चांगदेव राऊळ आहेत, वारकरी परंपरेत योगी चांगदेव आहेत, ज्यांची समाधी कोपरगावजवळच्या पुणतांब्याला दाखवतात.

इथे थोडे थांबले पाहिजे, कारण पद्धतीचे मर्म यातच आहे. एकाच शिलालेखात 'चांगदेव' सापडले असते तर तो अपवाद आहे, अशी शंका उरली असती. पण एक विद्वान ब्राह्मण घराण्यातला, एक महानुभावांच्या पंचकृष्णांपैकी, एक योगी, अशा तीन वेगवेगळ्या परंपरांत ते नाव येते. तेव्हा ते त्या काळी चांगले रुळलेले होते असे म्हणता येते. नावाची नवी घडण ग्राह्य धरायला हेरल्ड मंडळीही अशीच अनेक उदाहरणे मागतात. एक उदाहरण म्हणजे धागा, एकमेकांपासून स्वतंत्र तीन-चार उदाहरणे म्हणजे पुरावा.

स्त्रियांच्या नावांसाठी 'लीळाचरित्र' हा खजिनाच आहे. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात चक्रधरस्वामींच्या आठवणी जमवल्या, त्यांत पैठण, वेरूळ, गोदाकाठ हा आपलाच मुलूख आहे. त्यात बाइसा, महदाइसा, आबाइसा, उमाइसा, देमाइसा अशा स्त्रिया बोलतात, प्रश्न विचारतात, रुसतात, स्वयंपाक करतात. 'आइसा' हा शेवट त्या काळाची आणि त्या समाजाची खूण आहे. एकाच स्त्रीचे नाव दोन रूपांत येते तेही लक्षात ठेवावे. धवळे, म्हणजे लग्नगीते, रचणारी महदाइसा दुसरीकडे महदंबा आहे.

आता सोळाव्या शतकाच्या अखेरीला वेरुळात येऊ. तिथल्या भोसल्यांच्या घरात बाबाजी, मालोजी, विठोजी ही नावे आहेत. 'देव' मागे पडला आणि 'जी' पुढे आला. मालोजींच्या मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी. अहमदनगरच्या शाह शरीफ या पिरावरून ती ठेवली, अशी परंपरा आहे. 1347 मध्ये बहमनी सत्तेची स्थापना दौलताबादेतच झाली होती. तेव्हापासून अडीच शतके फारसी दरबारी भाषा या मुलखात वावरत होती, आणि एका मराठा घराने पिराचे नाव घेऊन त्याला मराठी 'जी' जोडला. असे नाव 1290 मध्ये असूच शकत नाही. 1600 मध्ये ते अगदी स्वाभाविक आहे.

दगड, ताम्रपट आणि पोथी

सगळे पुरावे सारख्या वजनाचे नसतात. शिलालेख कोरला गेला त्याच दिवसाचे अक्षर आज आपल्यासमोर असते. म्हणून पंढरपूरचा 'चौऱ्यांशीचा लेख' नावांच्या अभ्यासकाला फार प्रिय. शके 1195 ते 1199, म्हणजे 1273 ते 1277, या रामदेवरायाच्या काळात विठ्ठल मंदिराला देणगी देणाऱ्यांची ही यादी आहे. राजा आणि हेमाद्री आहेतच, पण त्यांच्या खालोखाल इतर देणगीदारही आहेत. दरबाराबाहेरची माणसे तिथे नावानिशी सापडतात. अंबाजोगाईचे लेखही असेच. सिंघण यादवाचा सेनापती खोलेश्वर तिथे भेटतो. 'खोलेश्वर' हे नाव आज कुणी ठेवत नाही, आणि म्हणूनच ते त्या काळाचे अस्सल आहे.

ताम्रपटाची रचना तर पुराव्यासाठीच केलेली असते. दानपत्र तांब्याच्या पत्र्यांवर कोरायचे, पत्रे एका कडीत ओवायचे, आणि कडीची दोन्ही टोके राजमुद्रेत पक्की करायची. मुद्रा फोडल्याशिवाय मधे खोटा पत्रा घालता येत नाही. यादवांच्या ताम्रपटांवर या मुद्रेत गरुड असतो.

पोथीचे तसे नसते. म्हाइंभटांची मूळ प्रत हरवली आणि सहकाऱ्यांनी आठवणीतून ग्रंथ पुन्हा उभा केला, असे महानुभाव परंपरा सांगते. पुढे सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांमध्ये प्रती होत राहिल्या. नक्कल करणारा आपल्या काळचे ऱ्हस्व-दीर्घ, आपल्या ओळखीचे रूप नकळत घालतो. म्हणून 'उमाइसा' हे नाव होते याला लीळाचरित्र भक्कम पुरावा आहे, पण त्याचे नेमके लेखन कसे होते हे ठरवायला दगडावरचे समांतर उदाहरण शोधावे. शं. गो. तुळपुळे यांनी 1963 मध्ये प्रसिद्ध केलेला 'प्राचीन मराठी कोरीव लेख' हा संग्रह यासाठी हाताशी असावा. अ‍ॅन फेल्डहाउस यांच्यासह त्यांनी केलेला जुन्या मराठीचा कोशही 1999 मध्ये प्रसिद्ध झाला.

> चौकट : ऐकताच काळ कसा ओळखावा?
> पुरुषाच्या नावाअखेर 'देव' किंवा 'भट', स्त्रीच्या नावाअखेर 'आइसा' : यादवकाळाकडे पाहा.
> 'जी' हा नावाचाच भाग, बापाच्या नावाआधी 'बिन', नवऱ्याच्या नावाआधी 'कोम' : बहमनींनंतरचा, विशेषतः शिवकाळ आणि पेशवाईतला कागद.
> नाव, वडिलांचे नाव आणि पिढ्यान्‌पिढ्या न बदलणारे आडनाव अशी तिहेरी मांडणी सगळ्यांना सक्तीची : इंग्रजी अमदानीतल्या शाळा, कचेऱ्या आणि खानेसुमारीनंतर.

ओळखीची जोड

नुसते 'चांगदेव' म्हटले तर कोणता चांगदेव? गावात दोन निघाले की जोड लागते. ही जोड कशाची असते, यावरून समाज कळतो.

पाटणच्या लेखात ती वंशाची आहे. शांडिल्य गोत्र, मग पिढ्या एकामागून एक, भास्कराचार्य, त्यांचा मुलगा लक्ष्मीधर, त्याचा चांगदेव. विद्वान घराण्याने आपली ओळख वाडवडिलांच्या विद्येत ठेवली. संतमंडळींत ती कामाची आहे. गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी. ही आडनावे नव्हेत. हा माणूस दिवसभर काय करतो ते नावाशेजारी आले. जनाबाईंनी तर स्वतःची ओळख नामदेवांची दासी अशी ठेवली आणि सात शतकांनंतरही आपण त्यांना तशाच ओळखतो.

तिसरी जोड पदाची. नायक, राउत, पंडित, सेटि. इथे सांभाळून पाऊल टाकायचे. अलिबागजवळच्या आक्षीच्या शिलालेखात केसिदेवराय या शिलाहार राजाबरोबर त्याचा महाप्रधान भइर्जु सेणुई येतो. त्यातले 'केसिदेव' आणि 'भइर्जु' ही नावे कुणीही घ्यावी, पण 'राय' आणि 'महाप्रधान' हे मिळवलेले अधिकार आहेत. आपल्या पहारेकऱ्याला ते लावले तर खोटा दर्जा सांगितल्यासारखे होईल. 'राउत' म्हणजे घोडेस्वार, तेही पायदळातल्या माणसाला शोभणार नाही.

सतराव्या-अठराव्या शतकातल्या मोडी कागदांत जोड वेगळी दिसते. पुरुषाच्या नावापुढे 'बिन' येऊन मग बापाचे नाव, स्त्रीच्या नावापुढे 'कोम' येऊन मग नवऱ्याचे. 'बिन' हा मुळात अरबी शब्द, पण मराठी खेड्यातला कुणबी तो बिनदिक्कत वापरत होता आणि कारकून तसाच लिहीत होता. यादवकाळात हा शब्द टाकला तर काळाचा मेळ बिघडतो, आणि पेशवाईतल्या पाटलाच्या नावातून तो काढून टाकला तरी बिघडतो. शुद्ध मराठीच्या हौसेपायी आपण ऐतिहासिक पात्रांच्या तोंडून आणि नावांतून फारसी-अरबी शब्द गाळतो. मला ते मुळीच पटत नाही. त्या माणसाने स्वतःचे नाव जसे लिहवून घेतले तसेच आपण घ्यावे.

ढाल रंगते कशी

आता चिन्हाकडे. युरोपात ढालीवरची मानचिन्हे बाराव्या शतकात रुजली. चिलखत आणि शिरस्त्राण चढवले की माणूस ओळखू येत नाही, म्हणून ढालीवर, अंगरख्यावर, झेंड्यावर एकच आकृती. ती बापाकडून मुलाकडे जाऊ लागली आणि कुळाची झाली.

या मानचिन्हांच्या पद्धतीचे पहिले कलम दुरून दिसण्याचे आहे. रंगांचे दोन गट मानतात. सोनेरी-पिवळा आणि रुपेरी-पांढरा हे 'धातू'. निळा, तांबडा, काळा, हिरवा, जांभळा हे 'रंग'. धातूवर रंग किंवा रंगावर धातू, असेच काढायचे. निळ्यावर काळा सिंह नको, पांढऱ्यावर पिवळे फूल नको. आपल्या गाड्यांच्या नंबर प्लेटमध्ये हेच तत्त्व आहे. पांढऱ्यावर काळे, टॅक्सीला पिवळ्यावर काळे, विजेवरच्या खासगी गाडीला हिरव्यावर पांढरे. जालना रस्त्यावर भरधाव जाणाऱ्या गाडीचा आकडा वाचता यावा म्हणून जी काळजी, तीच रणांगणावर शत्रू-मित्र ओळखण्यासाठी.

दुसरे कलम वेगळेपणाचे. 1385 मध्ये इंग्लंडच्या राजाने स्कॉटलंडवर स्वारी केली, तेव्हा सर रिचर्ड स्क्रोप आणि सर रॉबर्ट ग्रोव्हनर या दोघांच्या ढालीवर एकच आकृती निघाली, निळ्या पृष्ठभागावर सोनेरी तिरका पट्टा. खटला पाच वर्षे चालला. शेकडो साक्षी झाल्या, त्यांत कवी चॉसरचीही होती. अमक्या लढाईत, अमक्या चर्चच्या खिडकीत मी हे चिन्ह स्क्रोपांचे म्हणून पाहिले आहे, अशा या साक्षी. स्क्रोप जिंकला आणि ग्रोव्हनरला निळ्यावर सोनेरी पेंढी घ्यावी लागली. आज हौशी संस्थेत नोंदणी करताना आधीच्या नोंदींशी जे ताडून पाहतात, त्याच्या मुळाशी असे खरे तंटे आहेत.

एक गरुड, दोन घराणी

मग देवगिरीच्या पहारेकऱ्याच्या ढालीवर काय काढायचे? आधी आपल्याकडची पद्धत समजून घेऊ, कारण ती युरोपासारखी नव्हती.

दख्खनच्या राजघराण्यांच्या लेखांत राजाच्या नावाआधी बिरुदांची लांब माळ येते. तिच्यात ठरावीक गोष्टी असतात. घराणे कोणत्या नगरीचे, मुद्रेवरचे लांच्छन कोणते, झेंड्यावर काय, पुढे कोणते वाद्य वाजते, कोणत्या देवतेचा वर आहे. लांच्छन आणि ध्वज या वेगळ्या गोष्टी होत्या. गोव्याच्या कदंबांचे लांच्छन सिंह आणि ध्वजावर वानर. हा कदंबांचा सिंह गोव्याच्या सरकारी बसवर अजून फिरतो. बदामीच्या आणि कल्याणीच्या चालुक्यांचे लांच्छन वराह.

नगरीचा भाग मराठवाड्याच्या माणसाने विशेष लक्ष देऊन वाचावा. राष्ट्रकूट स्वतःला लट्टलूरचे, म्हणजे लातूरचे अधिपती म्हणवतात. ठाणे-कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करणारे शिलाहार 'तगरपुरवराधीश्वर' आहेत, आणि तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले तेर. राज्य कुठेही असो, बिरुदात मूळ गाव राहिले. यादव मात्र द्वारावतीचे, म्हणजे कृष्णाच्या द्वारकेचे नाव लावत.

आता गंमत अशी की शिलाहारांचे बिरुद 'सुवर्णगरुडध्वज', आणि यादवांचे चिन्हही गरुडच. स्क्रोप-ग्रोव्हनरांसारखा खटला इथे उभा राहिला नाही, कारण गरुड हे कुण्या एका कुळाची मालमत्ता मानलेलेच नव्हते. विष्णूच्या वाहनाशी आपले नाते सांगणे, हा त्याचा अर्थ. पूर्ण ओळख पटायची ती नगरी, लांच्छन, ध्वज, वाद्य, दैवत या सगळ्यांच्या जुळणीतून. घराण्याचे चिन्ह सगळीकडे एकच असायचे असेही नाही. यादवांच्या ताम्रपटावर गरुड आहे, पण त्यांच्या पद्मटंक या सोन्याच्या नाण्यावर नावाप्रमाणे मधोमध कमळ आहे आणि भोवती राजाचे नाव, शंख असे ठसे.

किल्ल्यांच्या दारांवरची शिल्पे पाहतानाही हे लक्षात ठेवावे. जंजिऱ्याच्या दरवाजावर एक हिंस्र पशू तोंडात, पंजांत आणि शेपटीत हत्ती पकडून उभा आहे. चंद्रपूरच्या गोंड राजांच्या कोटाच्या वेशींवर हत्तीवर मात करणारा सिंह आहे. शिवनेरीवर शरभ हा कल्पित पशू आहे. सिद्दी, गोंड, निजामशाही अशा वेगवेगळ्या सत्तांच्या मुलखात जवळपास सारखी आकृती दिसते, म्हणून ती कुणाचे कुलचिन्ह ठरत नाही. आमची ताकद इतकी, एवढेच ती सांगते.

त्यामुळे पहारेकऱ्याची ढाल कोरीच असावी. फार तर राजाच्या झेंड्यावर सोनेरी गरुड काढावा आणि पहारेकऱ्याला त्या झेंड्याखाली उभे करावे. मध्ययुगातल्या सामान्य मराठी शिपायाला स्वतःचे लांच्छन नव्हते, आणि ते देणे म्हणजे त्याला न शोभणारा दर्जा देणे.

निशाणी नांगर

पण सामान्य माणसाला कुठलेच चिन्ह नव्हते असे समजून कुणी उठून जाऊ नये. खरी रंजक गोष्ट इथून पुढे आहे.

सतराव्या-अठराव्या शतकात गावात वतनाचा वाद उभा राहिला की गोतसभा बसे. गोत म्हणजे पंचक्रोशीतले पाटील, कुलकर्णी, शेटे, बलुतेदार, मानकरी. साक्षी होत. कधी प्रकरण दिव्यापर्यंत जाई, म्हणजे उकळत्या तेलातून धातूचा रवा काढून आपले खरेपण सिद्ध करायचे. निकाल लागला की 'महजर' लिहीत. महजर म्हणजे कोण कोण हजर होते, कुणी काय सांगितले आणि काय ठरले याचा कागद. त्यावर अधिकाऱ्यांचे शिक्के पडत. लिहिता न येणारी गोतमंडळी आपली निशाणी काढीत.

पाटलाची निशाणी नांगर. शेट्याची तराजू. बलुतेदार आपापल्या कामाचे अवजार काढीत. छापील साधनग्रंथांत नावापुढे 'निशाणी नांगर' असे वाचायला मिळते, कारण संपादकाने मूळ कागदावर तिथे एक छोटा, चार-पाच रेघांचा नांगर पाहिलेला असतो. वि. का. राजवाडे यांनी 1898 पासून काढलेले 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे खंड आणि 1910 मध्ये पुण्यात स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ यांच्यामुळे असे कागद आपल्यापर्यंत आले.

माझ्या मते मराठी मुलखातली सामान्य माणसाची मानचिन्हविद्या ती हीच. नांगर ही नुसती निरक्षराची खूण नव्हती, तो हक्क होता. पाटीलकी दोन भावांत किंवा दोन घराण्यांत वाटली गेली की होळीची पहिली पोळी कुणाची, पोळ्याला पहिला बैल कुणाचा, हे जसे ठरे तसेच कागदावर नांगर आधी कुणी काढायचा हेही ठरे. वडील घराण्याचा नांगर वर, धाकट्याचा खाली. इंग्लंडात पट्ट्यावरून पाच वर्षे खटला चालला, तर आपल्याकडे नांगराच्या जागेवरून पिढ्या भांडल्या. आणि गोतापुढे निकाल लागून महजर झाला की ती पक्की नोंदणीच. हजर असलेल्या प्रत्येकाची निशाणी त्याखाली असे.

वरच्या पातळीवर शिक्का असे. शिवरायांची अष्टकोनी मुद्रा सर्वांच्या परिचयाची आहे. 1646 च्या पत्रावर ती दिसते. जिजाबाईंचा शिक्का फारसीत होता, मुलाचा संस्कृतात. प्रतिपदेच्या चंद्राप्रमाणे वाढणारी ही शहाजीपुत्र शिवाची मुद्रा आहे, असा तिचा आशय. मुद्रा पत्राच्या माथ्यावर पडे आणि मजकूर संपला की खाली दुसरा छोटा शिक्का, 'मोर्तब'. मोर्तबाखाली लिहिलेले काहीही ग्राह्य नाही. ताम्रपटाच्या कडीने जे काम केले तेच कागदावर मोर्तब करी. आज या अष्टकोनाला नवे आयुष्य मिळाले आहे. 2 सप्टेंबर 2022 रोजी नौदलाने स्वीकारलेल्या ध्वजावरचा अष्टकोन या मुद्रेवरूनच घेतला आहे.

1877 ची रेशमी निशाणे

मग मराठा संस्थानांची ती ढाल, दोन बाजूंना दोन प्राणी, खाली वळलेल्या पट्टीवर ब्रीदवाक्य, ती चिन्हे कुठून आली? 1 जानेवारी 1877 रोजी लॉर्ड लिटनने दिल्लीत दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले. त्या वेळी संस्थानिकांना रेशमी निशाणे देण्यात आली. त्यांवरची मानचिन्हे बंगालच्या मुलकी सेवेतल्या रॉबर्ट टेलर यांनी आखली होती. संस्थानाच्या परंपरेतल्या गोष्टी घ्यायच्या आणि युरोपीय ढालीत बसवायच्या, ही त्यांची रीत. शिंद्यांचे नाग आणि सूर्य, गायकवाडांचे खोगीर हेच घर आणि तख्त सांगणारे ब्रीद, यांत आपले काय आणि बाहेरचे काय हे वेगळे करून पाहता येते. नाग आपला, ढाल बाहेरची. ही चिन्हे सुंदर आहेत आणि दीडशे वर्षांनी त्यांचाही इतिहास झाला आहे. पण महादजी शिंद्यांच्या नाटकात ती मागच्या पडद्यावर लावली, की काळाची चूक होते.

दोन पात्रे उभी करू

आता स्नेहसंमेलनाचे काम उरकता येईल. साल 1290, जागा देवगिरी. पहारेकरी चांगदेव. जोड हवी तर वडिलांच्या नावाची द्यावी, पण 'लक्ष्मीधराचा चांगदेव' म्हणू नये, तो पाटणचा खरा माणूस आहे. 'केसिदेवाचा चांगदेव' चालेल, कारण दोन्ही भाग अस्सल आहेत आणि जुळणी कुणा प्रसिद्ध माणसाची नाही. राणीमागच्या मुलींना उमाइसा आणि देमाइसा म्हणावे. झेंड्यावर सोनेरी गरुड, गडद कापडावर, म्हणजे शेवटच्या रांगेतून दिसेल.

साल 1700 च्या आसपास घेतले तर चिकलठाण्याचाच पाटील उभा करता येईल. नमुन्यादाखल असे लिहावे : बाबाजी बिन विठोजी, मोकदम, मौजे चिकलठाणे, निशाणी नांगर. मोकदम म्हणजे पाटील, मौजे म्हणजे गाव. शेजारी त्याची बायको सगुणाबाई कोम बाबाजी. नांगर मुलांनी स्वतः काढावा, फारशा रेघा लागत नाहीत. तारीख घालायची असेल तर त्या काळच्या कागदांत साल बहुधा अरबी संख्याशब्दांत असते, तेही शिकण्यासारखे आहे.

ज्यांच्या घरात वतनाचे जुने दप्तर आहे त्यांनी ते उघडून पाहावे. जीर्ण कागद लॅमिनेट करू नये, चिकटपट्टी लावू नये, आधी साधा फोटो काढून घ्यावा. लिपी बहुधा मोडी असेल आणि मोडी वाचायला शिकवणारे वर्ग आज अनेक ठिकाणी चालतात. एक गोष्ट मात्र आधीच माहीत असावी. मोडीत इकार आणि उकार यांचे ऱ्हस्व-दीर्घ वेगळे दाखवत नाहीत. त्यामुळे कागदावरचे नाव देवनागरीत 'विठोजी' लिहावे की 'वीठोजी', याचा निकाल त्या कागदावरून लागणार नाही. त्यासाठी त्याच काळातला देवनागरी शिलालेख किंवा शिक्का शोधावा लागेल.